दार, दर्शन आणि संवाद : पंढरपूरच्या दोन मंदिरप्रवेशांची चिकित्सा

१. प्रस्तावना

आंतरधर्मीय संवाद हा विषय गेल्या काही दशकांत चर्चासत्रांत आणि महाविद्यालयीन उपक्रमांत चांगलाच रूढ झाला आहे. त्याची सर्वपरिचित रीत अशी : व्यासपीठावर प्रत्येक धर्माचा एकेक प्रतिनिधी बसतो, आपल्या धर्मग्रंथातील प्रेम, करुणा व शांती यांविषयीची वचने सांगतो आणि सर्व धर्मांचे सार एकच आहे, या निष्कर्षावर सभेची सांगता होते. अशा कार्यक्रमांमागील सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु प्रत्येक धर्माच्या वतीने बोलणारा तो एक मनुष्य कोण, त्याला प्रतिनिधित्व कोणी दिले आणि त्याच धर्मात ज्यांना शतकानुशतके उंबरठ्याबाहेर उभे केले गेले त्यांचा आवाज या संवादात कोठे आहे, हे प्रश्न तेथे सहसा उपस्थित होत नाहीत. धर्माधर्मांतील सलोखा आणि धर्मांतर्गत न्याय ही दोन स्वतंत्र खाती मानली जातात.

या विभागणीची परीक्षा करण्यासाठी महाराष्ट्राला दूर जाण्याची आवश्यकता नाही. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या दारात अकरा वर्षांच्या अंतराने दोन घटना घडल्या. मे १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर हे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांना खुले झाले. मे १९५८ मध्ये विनोबा भावे आपल्या ख्रिस्ती व मुसलमान सहकाऱ्यांसह त्याच मंदिरात गेले. पहिल्या घटनेची नोंद अस्पृश्यतानिवारणाच्या इतिहासात होते, दुसरीची सर्वधर्मसमभावाच्या. दोन्ही घटना एकत्र वाचल्या जाणे क्वचितच घडते.

प्रस्तुत लेखात या दोन घटनांचा व त्यांमागील विचारांचा एकत्रित परामर्श घेतला आहे. त्यातून पुढे येणारे प्रतिपादन थोडक्यात असे : दाराबाहेर उभा असलेला प्रत्येक जण एकाच नात्याने बाहेर नसतो. कोणी परधर्माचा पाहुणा असतो, तर कोणी त्याच घरातला असून बाहेर काढलेला असतो. पाहुण्याच्या प्रवेशाला यजमानाची संमती लागते. घरच्या माणसाच्या प्रवेशाला ती लागू नये. हा भेद पुसला गेला की संवाद कितीही उदात्त असला तरी तो न्यायाची जागा व्यापून बसतो.

२. पंढरीची समता : भजनातील आणि पंक्तीतील

वारकरी परंपरेकडे आंतरधर्मीय आणि आंतरजातीय सौहार्दाचा मराठी आदर्श म्हणून नेहमीच पाहिले जाते. त्याला भक्कम आधारही आहे. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, चोखामेळा महार ही संतमंडळी एकाच भावविश्वात वावरताना दिसतात. सतराव्या शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद ‘योगसंग्राम’सारखा ग्रंथ मराठीत रचतात आणि मुसलमान असूनही संतमंडळात मान पावतात. विसाव्या शतकात गी दलरी या फ्रेंच जेझुइट अभ्यासकाने वारीत पायी चालून विठ्ठलसंप्रदायावर लिहिलेला ग्रंथ १९६० मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाला, तर रा. चिं. ढेरे यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच विठ्ठलाला ‘महासमन्वय’ म्हटले.

मात्र शब्दाच्या पातळीवरील या समन्वयाला स्थळाच्या पातळीवर मर्यादा होती. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या सान्निध्यात आहे. ज्या संताचे अभंग देवळाच्या आत गायिले जात, त्या संताच्या जातीतील माणसांना तेथूनच मागे फिरावे लागे. ही विसंगती केवळ पुजाऱ्यांपुरती मर्यादित नव्हती. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात आपल्या दिंडीचे जे वर्णन केले आहे, त्यात भजन एकत्र होते, चालणे एकत्र होते, परंतु स्वयंपाक आणि जेवण मात्र जातीनुसार वेगळे होते. एका समाजशास्त्रज्ञ स्त्रीने भक्तिभावाने वारीत सहभागी होऊन केलेले हे निरीक्षण असल्यामुळे त्याचे मोल अधिक आहे. गायनातील समता पंक्तीपर्यंत पोहोचत नाही, हा अनुभव पंढरीच्या वाटेवरचाच होता.

म्हणून वारकरी परंपरेचा दाखला देऊन संवाद ‘आपल्याकडे होताच’ असे म्हणणे अर्धसत्य ठरते. संवाद होता, पण त्यातील काही बोलणारे दाराबाहेर होते.

३. साने गुरुजी : लेकराचे नाते, याचनेचे साधन

साने गुरुजींनी १९४६ च्या अखेरीस पंढरपूरच्या मंदिरासाठी प्राणांतिक उपोषणाचा संकल्प जाहीर केला. सहकाऱ्यांच्या आग्रहावरून त्यांनी तो काही महिने पुढे ढकलला आणि लोकमत तयार करण्यासाठी महाराष्ट्रभर दौरा केला. सेनापती बापट यांच्यासारखे ज्येष्ठ आणि राष्ट्र सेवा दलाचे तरुण कार्यकर्ते या दौऱ्यात सहभागी झाले. गावोगावी विहिरी व मंदिरे खुली करण्याचे प्रयत्न झाले. हा भाग चरित्रांत पार्श्वभूमी म्हणून उरकला जातो. वास्तविक सामाजिक न्यायाचे स्थानिक काम म्हणून त्याचे महत्त्व प्रत्यक्ष उपोषणाइतकेच आहे. कारण पंढरपूरचे दार हे त्यामुळे एका देवस्थानाचा प्रश्न न राहता असंख्य गावांच्या पाणवठ्यांशी जोडले गेले.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरातील तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. विरोध तीव्र होता. सान्यांनी भीमेपार चालते व्हावे, अशा घोषणा दिल्या गेल्या. उपोषण सोडण्याचा गांधीजींचा सल्लाही गुरुजींनी मानला नाही. गणेश वासुदेव मावळंकर यांच्या मध्यस्थीनंतर बडवे मंडळींची संमती मिळाली आणि १० मे रोजी उपोषणाची समाप्ती झाली. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

या लढ्यातील साने गुरुजींची भाषा लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. विठ्ठल ही सर्वांची माउली आणि अस्पृश्य ही तिची दूर ठेवलेली लेकरे, हे त्यांच्या युक्तिवादाचे सूत्र होते. हे रूपक भावनिक वाटले तरी तार्किकदृष्ट्या अचूक आहे. लेकरू हे घरचे असते. त्याला आईपाशी जाण्यासाठी कोणाचे आमंत्रण लागत नाही. अस्पृश्य समाज मंदिराच्या संदर्भात पाहुणा नसून हक्काचा सदस्य आहे, ही भूमिका या रूपकात अध्याहृत आहे.

परंतु साधन मात्र या भूमिकेशी पूर्णतः सुसंगत नव्हते. उपोषण हे हृदयपरिवर्तनाचे साधन. त्यात अंतिम निर्णय दार अडवून बसलेल्याच्या अंतःकरणावर सोपवलेला असतो. लेकराचा हक्क मान्य करायचा, पण तो मिळवायचा मात्र याचनेने, असा हा ताण आहे. त्याची मुळे गुरुजींच्या साहित्यातही दिसतात. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’त आई श्यामला महार समाजातील वृद्धेची मोळी उचलून देण्यास पाठवते आणि परत आल्यावर आंघोळ करावयास सांगते. करुणा आणि विटाळ एकाच वाक्यात, एकाच माउलीच्या मुखी नांदतात. लेखकाने हा प्रसंग प्रामाणिकपणे मांडला, हे त्याचे मोठेपण. पण करुणा स्वतःहून विटाळाची कल्पना मोडू शकत नाही, ही गोष्टही त्यातून सिद्ध होते.

याचे प्रत्यंतर १९४७ मध्येच आले. मंदिर खुले होण्यापूर्वी काही सनातन्यांनी मूर्तीतील देवत्व घागरीत काढून घेतल्याची हकीकत पंढरपुरात सांगितली जाते. हकीकतीचा आशय महत्त्वाचा आहे. दार उघडले, तरी देव आत राहिला की नाही हे ठरविण्याचा अधिकार जुन्याच हातांत राहू शकतो. संमती मिळाली, मालकीचा दावा मात्र अबाधित राहिला.

४. विनोबा : एक दार, दोन प्रश्न

साने गुरुजी आणि विनोबा यांचा संबंध जुना. १९३२ मध्ये धुळे तुरुंगात विनोबांनी दिलेली गीतेवरील प्रवचने गुरुजींनी लिहून घेतली, त्यांतून ‘गीता प्रवचने’ सिद्ध झाला. मंदिरप्रवेशाच्या बाबतीत मात्र विनोबांचा मार्ग वेगळा होता. त्यांनी मंदिराच्या दारासाठी उपोषण केले नाही. त्यांनी एक नियम पाळला. आपल्याबरोबरच्या सर्वांना प्रवेश असेल तरच आत जायचे, नकार मिळाला तर वाद न घालता बाहेरूनच नमस्कार करून परतायचे.

भूदान पदयात्रेत या नियमाची वारंवार कसोटी लागली. सप्टेंबर १९५३ मध्ये बिहारमधील वैद्यनाथधाम येथे ते हरिजन सहकाऱ्यांसह गेले असता पंड्यांनी हल्ला केला. विनोबांच्या कानाला दुखापत झाली आणि बरोबरच्या मंडळींनाही मार बसला. याच परिसरात १९३४ मध्ये गांधीजींच्या मोटारीवरही हल्ला झाला होता. मार्च १९५५ मध्ये पुरी येथे बरोबरच्या फ्रेंच स्त्रीला प्रवेश नाकारला गेल्यामुळे विनोबा जगन्नाथाचे दर्शन न घेता माघारी वळले. १९५७ मध्ये केरळातील गुरुवायूर येथे ख्रिस्ती सहकाऱ्यांमुळे तोच प्रकार घडला. विनोबांनी एकट्याने यावे, असे तेथील मंडळींचे म्हणणे होते. ते त्यांनी स्वीकारले नाही. कर्नाटकात गोकर्ण येथे मात्र मुसलमान सहकाऱ्यासह त्यांना प्रवेश मिळाला.

या पार्श्वभूमीवर मे १९५८ मध्ये सर्वोदय संमेलनासाठी विनोबा पंढरपुरास आले. ते अन्यधर्मीयांना घेऊन बळाने घुसणार, अशी वदंता पसरली होती. अनुमतीवाचून आपण कोणत्याही मंदिरात जाणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. त्यानंतर प्रथम पुंडलिकाच्या, मग रुक्मिणीच्या आणि शेवटी विठ्ठलाच्या मंदिराकडून त्यांना सर्व सहकाऱ्यांसह येण्याचे निमंत्रण मिळाले. जन्माने हिंदू नसलेल्या स्त्री-पुरुषांनी विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवले. कालिंदी यांनी संकलित केलेल्या ‘अहिंसा की तलाश’ या आत्मकथनात विनोबांनी या दर्शनाचा उल्लेख अत्यंत कृतज्ञतेने केला आहे.

विनोबांच्या या आचरणाचे नैतिक सामर्थ्य नाकारता येणार नाही. स्वतःला मिळणारी सवलत त्यांनी प्रत्येक वेळी नाकारली. जन्माने ब्राह्मण असलेल्या मनुष्याने, आत जाण्याचा निर्वेध अधिकार असताना, बाहेर राहणाऱ्यांच्या पंक्तीत उभे राहणे ही केवळ सौजन्याची बाब नाही. शिवाय धर्मांतर्गत बहिष्कृत आणि परधर्मीय या दोघांचा प्रश्न त्यांनी एकाच दारात आणला. वैद्यनाथधामचा हरिजन आणि गुरुवायूरचा ख्रिस्ती यांच्यात त्यांनी फरक केला नाही. सलोखा व न्याय यांची जी विभागणी आज सर्रास आढळते, ती विनोबांनी आचरणाने ओलांडली होती.

तथापि चिकित्सेचे खरे स्थान येथेच आहे. फरक न करणे हे जसे या भूमिकेचे बळ आहे, तसेच ते तिचे वैगुण्यही आहे. पुरी येथील फ्रेंच स्त्रीला जगन्नाथाच्या दर्शनाची इच्छा असू शकते, पण तो तिचा हक्क आहे असे म्हणता येणार नाही. मशीद, चर्च, अग्यारी किंवा मंदिर ही त्या त्या उपासक समुदायाची स्थाने आहेत. अन्यधर्मीयाने तेथे अनुमतीने जावे, हा सभ्यतेचा साधा नियम आहे. अनुमतीचे विनोबांचे तत्त्व येथे चपखल बसते. परंतु वैद्यनाथधामच्या दारात उभ्या असलेल्या दलिताला तेच तत्त्व लावले की अर्थ पालटतो. त्याचा धर्म तोच, देव तोच. त्याला ‘पंड्यांची अनुमती असेल तर’ असे सांगणे म्हणजे घरच्या माणसाला पाहुणा करणे होय. भारतीय राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने १९५० मध्येच अस्पृश्यता नष्ट केली होती, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे १९५३ मधील अनुमतीचा आग्रह अधिकच प्रश्नांकित होतो.

क्षमेच्या बाबतीतही हाच पेच आहे. वैद्यनाथधामच्या हल्लेखोरांना शिक्षा होऊ नये, असे विनोबांनी सांगितले. आपल्या दुखापतीपुरती क्षमा करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. परंतु तो प्रहार एका व्यक्तीवर नव्हता. ज्यांच्या प्रवेशामुळे तो झाला त्या समाजाच्या मनुष्यत्वावर होता. त्यांच्या वतीने क्षमा कोणी करायची, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

भूदानाशीही याचा संबंध आहे. एप्रिल १९५१ मध्ये तेलंगणातील पोचमपल्ली येथे दलित कुटुंबांनी जमिनीची मागणी केली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली, तेथून त्या चळवळीचा आरंभ झाला. विनोबा ‘दान’ या शब्दाचा अर्थ शंकराचार्यांच्या आधारे समान वाटणी असा करीत. अर्थ बदलला तरी देणारा आणि घेणारा यांचे स्थान बदलतेच असे नाही. जमिनीच्या बाबतीत जो प्रश्न, तोच देवळाच्या बाबतीत. जे मुळात वाट्याचे आहे ते देणगी म्हणून स्वीकारावे लागणे, ही न्यायाची पूर्तता आहे काय?

विनोबांना स्वतःला परक्या घरातील पाहुणेपणाचाही अनुभव आला. कुराणातील निवडक वचनांचे त्यांनी केलेले संकलन १९६२ च्या सुमारास प्रसिद्ध होत असताना, एका हिंदूने हे धाडस करावे काय, असे आक्षेप घेतले गेले. विनोबांनी अनेक वर्षे मूळ अरबीतून कुराणाचे अध्ययन केले होते. परधर्माच्या ग्रंथात प्रवेश करण्याची ही नम्र रीत होती. पाहुण्याने कसे वागावे, याचा हा वस्तुपाठच म्हणावा लागेल. पण तो पाहुण्यासाठीचा वस्तुपाठ आहे, घरातून बाहेर काढलेल्यासाठीचा नव्हे.

५. वायकोमचा पूर्वसंदर्भ : घरचा प्रश्न की सर्वांचा?

विनोबांनी जो भेद पुसला तो गांधीजींनी पूर्वी एका प्रसंगी फार कठोरपणे आखला होता. १९२४ मध्ये त्रावणकोर संस्थानातील वायकोम येथे मंदिराभोवतीच्या रस्त्यांवर अवर्ण हिंदूंना चालता यावे यासाठी सत्याग्रह सुरू झाला. त्या रस्त्यांवरून ख्रिस्ती व मुसलमान चालू शकत. बंदी होती ती अवर्ण हिंदूंवर. म्हणजे परका आत आणि घरचा बाहेर, अशी उलटी स्थिती होती. या सत्याग्रहाचे नेतृत्व काही काळ जॉर्ज जोसेफ या ख्रिस्ती काँग्रेस नेत्याकडे आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना बाजूला राहण्याचा सल्ला दिला. अस्पृश्यता हे हिंदूंचे पाप आहे, त्याचे प्रायश्चित्त हिंदूंनीच घ्यावे, असा त्यामागील विचार होता. याच सत्याग्रहाच्या काळात गांधीजींच्या सांगण्यावरून विनोबाही वायकोमला जाऊन आले होते.

गांधीजींच्या भूमिकेत एक तथ्य आहे. दुसऱ्याच्या धर्मातील दोष दाखविणे सोपे असते. त्यातून सुधारणेऐवजी स्पर्धा आणि संशय निर्माण होऊ शकतो. परंतु या भूमिकेची किंमतही मोठी आहे. अन्यायाला ‘घरची बाब’ ठरविले की शेजाऱ्याचे तोंड बंद होते आणि पीडित व्यक्ती एकाकी पडते. जॉर्ज जोसेफ मंदिरात प्रवेश मागत नव्हते. ते सार्वजनिक रस्त्यावरील माणसाच्या बाजूने उभे राहत होते. पाहुण्याला घरात शिरण्यासाठी अनुमती लागते. पण शेजारच्या घरातून किंकाळी ऐकू आल्यावर दार ठोठावण्यासाठी ती लागत नाही.

अशा रीतीने गांधीजी आणि विनोबा यांच्या भूमिका एकमेकींच्या उणिवा उघड करतात. गांधीजींनी घरचा आणि परका हा भेद पाळला, पण तो बोलण्याच्या अधिकारालाही लावला. विनोबांनी तो भेद ओलांडला, पण त्यामुळे हक्क आणि आतिथ्य यांतील सीमारेषाही पुसट केली.

६. डॉ. आंबेडकरांचा आक्षेप

या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा विचार निर्णायक ठरतो. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव गायकवाड यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी तो दीर्घकाळ चालविला. हा सत्याग्रह देवदर्शनाच्या ओढीपेक्षा समान हक्काच्या प्रस्थापनेसाठी होता. फेब्रुवारी १९३३ मध्ये मंदिरप्रवेश विधेयकावर काढलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी प्रश्नाचे स्वरूपच बदलले. मंदिरप्रवेश हे अंतिम साध्य आहे की चातुर्वर्ण्य नष्ट करण्याची पहिली पायरी आहे, असे त्यांनी विचारले. मंदिरे उघडावीत की नाही हा स्पृश्य हिंदूंनी विचार करण्याचा विषय आहे. माणुसकीचा आदर हवा असेल तर त्यांनी ती उघडावीत, दलितांनी त्यासाठी विनवण्या करू नयेत, असा त्यांच्या निवेदनाचा रोख होता.

या निवेदनात यजमान आणि याचक ही रचनाच नाकारली आहे. दार उघडणे हे देणाऱ्याचे पुण्य नसून त्याचे कर्तव्य आहे आणि त्याविना घेणाऱ्याचे काही अडत नाही, अशी ही भूमिका. ऑक्टोबर १९३५ मधील येवल्याची घोषणा आणि ऑक्टोबर १९५६ मधील नागपूरचे धर्मांतर या तिच्या पुढील अवस्था होत. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीच्या स्थापनेप्रसंगी पंढरपूरचा विठ्ठल हा मूळचा बुद्धच असल्याचे आपण सिद्ध करू, असे त्यांनी सांगितले. या विधानाचा इतिहाससंशोधनाच्या अंगाने स्वतंत्र विचार करावा लागेल. मात्र त्यातील दिशा अर्थपूर्ण आहे. ज्या घरात अनुमतीने यावे असे सांगितले जात होते, त्या घराच्या मूळ मालकीविषयीच त्यांनी प्रश्न उभा केला.

राज्यघटनेनेही हा भेद नेमकेपणाने टिपला आहे. २५ व्या कलमानुसार सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना व विभागांना खुल्या करणारा कायदा राज्य करू शकते. त्यासाठी हिंदू या संज्ञेत शीख, जैन व बौद्ध यांचाही समावेश केला आहे. म्हणजे सदस्याचा प्रवेश हा हक्काचा विषय आणि अन्यधर्मीयाचा प्रवेश हा त्या समुदायाच्या विवेकाचा विषय, अशी ही मांडणी आहे. हा भेद पळवाट म्हणूनही वापरला गेला. स्वामीनारायण पंथाच्या काही अनुयायांनी आपला धर्म हिंदू धर्माहून वेगळा असल्याचा दावा करून मंदिरप्रवेश कायद्यातून सूट मागितली. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या निकालपत्रान्वये तो दावा फेटाळला. धार्मिक वैशिष्ट्याची भाषा बहिष्काराचे कवच कशी होऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

७. दाराच्या पलीकडे

दार उघडल्यानंतर काय, हा प्रश्न मंदिरप्रवेशाच्या गौरवपर लेखनात मागे पडतो. पंढरपुरातच त्याचे एक वेगळे उत्तर दिले गेले होते. गाडगे महाराजांनी दर्शनाच्या रांगेपेक्षा बाहेरच्या वाळवंटाकडे आणि तेथील माणसांच्या निवाऱ्याकडे लक्ष दिले. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली आणि १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंची जागा विद्यार्थ्यांची झाली. देवाच्या दारात डोके टेकण्याच्या हक्काइतकाच, किंबहुना अधिक, शिकण्याच्या हक्काला येथे मान मिळाला. मालमत्ता आणि तिच्यावरील निर्णयाधिकार हस्तांतरित झाला, ही यातील मुख्य गोष्ट. हे दान असले तरी देणारा यजमान म्हणून शिल्लक राहिला नाही.

मंदिराच्या बाबतीत निर्णयाधिकाराचे हस्तांतरण होण्यास फार काळ लागला. पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३ चा. त्याला दिलेली आव्हाने संपून बडवे व उत्पात यांचे वंशपरंपरागत अधिकार संपुष्टात आल्यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब झाले ते जानेवारी २०१४ मध्ये. त्यानंतर मंदिर समितीने ब्राह्मणेतर पुजाऱ्यांची व स्त्रियांचीही नेमणूक केली. १९४७ मध्ये दार उघडले आणि गाभाऱ्यातील अधिकाराचा प्रश्न सुटण्यास आणखी सदुसष्ट वर्षे गेली. हृदयपरिवर्तनाने दार उघडले. किल्ली मात्र कायद्याने हस्तांतरित झाली.

याचा अर्थ साने गुरुजींचे उपोषण किंवा विनोबांची माघार निष्फळ होती, असा नाही. कायदा माणसाला आत नेऊ शकतो. शेजारी उभ्या असलेल्याच्या मनातील विटाळ तो काढू शकत नाही. १९४७ पूर्वीच्या दौऱ्यात गावोगावी जे मन तयार झाले, त्यावाचून कोणताही कायदा कागदावरच राहिला असता. परंतु मनाची तयारी हा हक्काला पूरक ठरणारा भाग आहे. त्याची पूर्वअट नव्हे.

८. समारोप

पंढरपूरच्या दोन मंदिरप्रवेशांच्या एकत्रित वाचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

(१) आंतरधर्मीय संवाद आणि धर्मांतर्गत न्याय हे प्रश्न परस्परांपासून तोडता येत नाहीत. १९५८ मध्ये ख्रिस्ती व मुसलमान सहकाऱ्यांसाठी जे दार उघडले, ते १९४७ मध्ये दलितांसाठी उघडले नसते तर तो संवाद केवळ प्रतिष्ठितांमधील शिष्टाचार ठरला असता.

(२) हे प्रश्न जोडलेले असले तरी एकरूप नाहीत. अन्यधर्मीयाच्या प्रवेशाचा आधार आतिथ्य हा आहे. बहिष्कृत सदस्याच्या प्रवेशाचा आधार हक्क हा आहे. विनोबांच्या उदात्त भूमिकेतील उणीव हा भेद न केल्यामुळे निर्माण होते.

(३) प्रवेशासाठी अनुमती आवश्यक मानली, तरी अन्यायाविरुद्ध बोलण्यासाठी ती आवश्यक मानता येणार नाही. वायकोम येथे जॉर्ज जोसेफ यांना दिलेला सल्ला या कसोटीवर उतरत नाही. मात्र जो दुसऱ्याच्या घरातील अन्यायावर बोलतो त्याने स्वतःच्या घरातील अन्यायावर बोलण्याची तयारी ठेवली पाहिजे. भारतीय चर्चमधील दलित ख्रिस्ती आणि मुस्लिम समाजातील मागास बिरादऱ्या यांचे प्रश्न याच न्यायाने संवादाच्या कक्षेत येतात.

(४) संवादाची फलश्रुती वचनांच्या साधर्म्यावरून ठरत नाही. पंगत, पाणवठा, शाळा आणि संस्थेचे व्यवस्थापन यांत कोणाचे स्थान बदलले, यावरून ती ठरते.

महाविद्यालयांतील सर्वधर्मप्रार्थना आणि सद्भावना कार्यक्रम यांच्याकडेही या दृष्टीने पाहावयास हवे. व्यासपीठावर किती धर्मांचे प्रतिनिधी आहेत, हा प्रश्न दुय्यम आहे. त्या प्रतिनिधींच्या धर्मांत ज्यांना बोलू दिले गेले नाही त्यांपैकी कोणी तेथे आहे काय, आणि त्याला वक्ता म्हणून बोलाविले आहे की केवळ ज्याचे कल्याण करावयाचे असा श्रोता म्हणून, हा प्रश्न प्रथम विचारावा लागेल. चोखोबांची समाधी आजही महाद्वारासमोर आहे. तिला वंदन करून आत जाणाऱ्या परंपरेने, चोखोबा बाहेर का राहिले याचे उत्तर दिल्याशिवाय तिचा इतरांशी चाललेला संवाद पूर्ण झाला, असे म्हणता येणार नाही.